शालेय वाचाउपचार साहित्याचे व्यवस्थापन

शालेय वाचाउपचार साहित्याचे व्यवस्थापन म्हणजे शाळेत काम करणाऱ्या वाचाउपचारतज्ज्ञाने आपली चित्रकार्डे, खेळणी, संवादफलक, तपासणीची साधने आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी निवडणे, त्यांची वर्गवारी लावणे, त्या जपणे आणि नेमक्या वेळी नेमक्या मुलापुढे ठेवणे होय. वाचाउपचाराला व्यवहारात स्पीच थेरपी म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे व्यवस्थापन केवळ टापटिपीचे काम वाटते. प्रत्यक्षात कोणते कार्ड कोणत्या खणात ठेवायचे, हे ठरवताना मुलाच्या बोलण्याविषयीचा निर्णयही घेतला जातो आणि तो निर्णय चुकल्यास निर्दोष बोलणाऱ्या मुलावर दोषाचा शिक्का बसू शकतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरी पट्ट्यात अनेक भाषा एकत्र नांदतात. तेथे ही बाब विशेष स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात या पट्ट्याच्या संदर्भात विषयाची मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

वाचाउपचार हा भारतात नोंदणीकृत व्यवसाय आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये वाचाउपचारतज्ज्ञाला परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, मुंबईतील नायर रुग्णालयाशी संलग्न प्रशिक्षण विभाग आणि १९८३ साली वांद्रे येथे स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही या विषयाच्या शिक्षणाची जुनी केंद्रे होत. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. अभ्यासक्रमाचा भर स्वाभाविकपणे निदान आणि उपचार यांवर असतो. साहित्य कसे मांडावे, हे बहुतेकांना नोकरीत शिरल्यावरच उमगते.

शाळांपुरते पाहता बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आणि दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ हे दोन कायदे महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख केला. मात्र त्याची व्याख्या मर्यादित आहे. स्वरयंत्र काढून टाकणे किंवा वाचाघात यांसारख्या शारीरिक अथवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेले कायमस्वरूपी दिव्यांगत्व तीत अभिप्रेत आहे. शाळेतील साधा बोबडेपणा सहसा या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे उपचाराची गरज असलेली अनेक मुले प्रमाणपत्राच्या यादीत नसतात आणि शासकीय तरतुदीतून येणारे साहित्य त्यांच्या नावावर मिळत नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रतिविद्यार्थी वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तीतून श्रवणयंत्रासारख्या उपकरणांपासून अध्ययन साहित्यापर्यंत अनेक खर्च भागवावे लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी अपेक्षित आहे. श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांची पहिली शंका अनेकदा येथेच नोंदवली जाते.

वर्णमालेनुसार रचना

उच्चारावरील उपचारात चित्रकार्डे हे मुख्य साहित्य असते. एका ध्वनीसाठी पंधरा-वीस शब्द धरले तरी कार्डांची संख्या लवकरच काही शेकड्यांवर जाते. अर्ध्या तासाच्या सत्रात पाच मिनिटे शोधाशोधीत गेली, तर मुलाच्या वाट्याच्या वेळेचा सहावा हिस्सा वाया जातो. चंचल मुलाच्या बाबतीत तर त्या पाच मिनिटांनंतर त्याचे लक्ष पुन्हा मिळेलच असे नाही.

मराठीत काम करणाऱ्या तज्ज्ञाला रचनेचा उत्तम आराखडा आयता मिळालेला आहे. देवनागरी वर्णमाला उच्चारस्थानानुसारच लावलेली आहे. ‘क’ वर्ग कंठ्य, ‘च’ वर्ग तालव्य, ‘ट’ वर्ग मूर्धन्य, ‘त’ वर्ग दंत्य आणि ‘प’ वर्ग ओष्ठ्य अशा पाच ओळी असून प्रत्येक ओळीत अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, सघोष अल्पप्राण, सघोष महाप्राण आणि अनुनासिक असा क्रम आहे. पाच गुणिले पाच खणांची पेटी या क्रमाने लावली, तर मुलाची चूक पेटीवर दाखवता येते. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारे मूल पहिल्या ओळीतून चौथ्या ओळीत गेलेले असते. ‘गाडी’ला ‘काडी’ म्हणणारे मूल त्याच ओळीत राहते, मात्र घोषत्व गमावते. एका ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या शब्दजोड्याही या रचनेत एकाच ओळीच्या खणांतून उचलता येतात. काडी आणि गाडी, खार आणि घार, टाळ आणि डाळ, तार आणि दार या जोड्यांतील दोन्ही शब्दांची चित्रे काढता येत असल्याने त्या लहान मुलांसाठी उपयुक्त ठरतात. मुलाने ‘घार’ म्हणून ‘खार’ उच्चारले आणि समोरच्याने खारीचे चित्र उचलले, की चूक कोणी न सांगताच त्याच्या लक्षात येते.

मात्र वर्णमाला ही लिपीची व्यवस्था असल्याने काही ठिकाणी ती फसवते. मराठीत ‘च’ या एकाच अक्षराने दोन ध्वनी लिहिले जातात. ‘चाक’, ‘चमचा’, ‘चूल’ यांतील च दंततालव्य, तर ‘चिमणी’, ‘चित्र’, ‘चंद्र’ यांतील च तालव्य आहे. ‘ज’ आणि ‘झ’ यांचीही तीच गोष्ट आहे. जाळे आणि जीभ, झाड आणि झेंडा ही त्यांची उदाहरणे होत. ही कार्डे एकाच खणात राहिली, तर एका ध्वनीचा सराव करत असलेल्या मुलापुढे दुसऱ्याच ध्वनीचे चित्र येते आणि प्रगतीची नोंद निरर्थक होते. म्हणून या तीन खणांना मध्ये पट्टी घालून दोन भाग करणे आवश्यक ठरते.

इंग्रजी साहित्यात प्रत्येक ध्वनीची कार्डे शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी अशा तीन स्थानांनुसार लावण्याची पद्धत आहे. ती जशीच्या तशी उचलल्यास मराठीत रिकामे खण तयार होतात. ‘ळ’ आणि ‘ण’ हे ध्वनी मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत. ‘ळ’साठी डोळा, पोळी, फळा ही मध्यस्थानाची आणि माळ, बाळ, नळ ही अंत्यस्थानाची कार्डे असतात. ‘ण’साठी पाणी, लोणी आणि बाण, लसूण अशी विभागणी होते. ‘माळ’, ‘बाण’ यांच्या शेवटी लिहिताना ‘अ’ असला तरी उच्चारात तो लुप्त होतो. म्हणून ही कार्डे अंत्यस्थानाची मानली जातात. येथेही अक्षरापेक्षा उच्चार निर्णायक ठरतो.

भाषानिहाय वर्गवारी

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याण छावणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाली. शहराचे भाग आजही कॅम्प क्रमांक १ ते ५ याच नावांनी ओळखले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाख होती. अंबरनाथमध्ये आयुधनिर्माणी आणि औद्योगिक वसाहतीमुळे निरनिराळ्या राज्यांतील कुटुंबे स्थायिक झाली. बदलापूर मुंबईतून घरांसाठी बाहेर पडलेल्या मध्यमवर्गामुळे वाढले. परिसरातील गावांत आगरी बोली आणि कातकरी, ठाकर समाजांच्या बोली आहेत. परिणामी एकाच वर्गात घरी सिंधी, हिंदी, आगरी किंवा प्रमाण मराठी बोलणारी मुले शेजारी बसलेली असू शकतात.

प्रमाण हिंदीत आणि सिंधीत ‘ळ’ हा ध्वनी नाही. आगरी बोलीतही ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ अनेकदा येतो. त्यामुळे ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणणाऱ्या मुलाचा उच्चार घरच्या भाषेचा असू शकतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा भेद आहे, दोष नव्हे. ज्या मुलाच्या घरी सर्वजण ‘डोळा’ म्हणतात आणि जे मूल वय वाढूनही ‘डोला’ म्हणते, त्याचा प्रश्न वेगळा असतो. दोघांच्या तोंडून ऐकू येणारा ध्वनी एकच असतो. ‘ळ’चा खण उघडण्यापूर्वी घरची भाषा कोणती, हे विचारले नाही, तर पहिल्या मुलाला महिनोन्महिने अनावश्यक उपचार मिळतो आणि आपल्या घरचे बोलणे चुकीचे असल्याची समजूत त्याच्या मनात रुजते. ती समजूत पुसण्यासाठी कोणतेही कार्ड उपलब्ध नसते.

उलट दिशेनेही गफलत होते. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारले जाणारे चार अंतःस्फोटक ध्वनी आहेत आणि देवनागरीत ते ॻ, ॼ, ॾ, ॿ असे अधोरेषेने लिहितात. मराठी कानाला ते ग, ज, ड, ब यांसारखे भासतात. घरी सिंधी बोलणाऱ्या मुलाचे हे ध्वनी बिघडले आहेत की नाहीत, हे मराठी कार्डांवरून कळणे शक्य नाही. शिवाय सिंधी शब्द परंपरेने स्वरान्त असतात. म्हणून मराठीतील अंत्यस्थानाचा खण सिंधी संचात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. १९६७ साली सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला असला, तरी नव्या पिढीतील अनेक सिंधी घरांत हिंदीचा वापर वाढला आहे. तेव्हा आडनावावरून किंवा वस्तीवरून घरची भाषा ठरवणेही धोक्याचे आहे. आजी कोणत्या भाषेत रागावते, हा प्रश्न नोंदणी अर्जातील मातृभाषेच्या रकान्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

या कारणाने कार्डांवर प्रथम भाषा, मग ध्वनी, नंतर स्थान असा क्रम ठेवणे सोयीचे असते. भाषेसाठी कडेची रंगीत पट्टी पुरेशी होते. चित्र तेच ठेवून मागे तीन भाषांतील शब्द लिहिण्याची काटकसर मात्र उच्चारसरावाच्या कार्डांना मानवत नाही, कारण चित्र एक असले तरी मराठी ‘डोळा’ आणि हिंदी ‘आँख’ यांत सरावाचा ध्वनीच बदलतो. शब्दसंग्रह वाढवण्याच्या कार्डांना ती चालते.

पायरी आणि वय

अमेरिकन तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी १९३९ साली मांडलेल्या पारंपरिक पद्धतीत आधी ध्वनी ऐकून ओळखणे आणि मग सुटा ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य अशा पायऱ्यांनी पुढे जाणे अपेक्षित असते. साहित्यावर पायरी नोंदवलेली असल्यास मागील सत्र जेथे थांबले तेथून पुढील सत्र सुरू होते. वाक्याच्या पायरीसाठी वेगळे साहित्य विकत घेण्याची गरज क्वचितच भासते. बालभारतीची पाठ्यपुस्तके मुलाच्या दप्तरात असतातच आणि ती संकेतस्थळावरही मोफत मिळतात. त्या आठवड्याच्या धड्यातील सरावाचे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केले, तर उपचार आणि अभ्यास एकाच पानावर येतात.

वयाचा विचार अनेकदा राहून जातो. सातवीतील मुलासमोर बदकाचे आणि चेंडूचे चित्र ठेवल्यास त्याला वर्गमित्रांपुढे अपमान वाटतो. मोठ्या मुलांसाठी त्याच ध्वनींचे क्रिकेट, रेल्वे स्थानके, दुकानांच्या पाट्या यांवर आधारलेले संच वेगळे ठेवावे लागतात. तोतरेपणावर काम करताना तर साहित्य जवळजवळ लागतच नाही. लागते ती शांत खोली आणि घाई नसलेला श्रोता.

भाषाविकासात मागे असलेल्या लहान मुलांसाठी भातुकलीची सर कोणत्याही छापील संचाला येत नाही. ‘दे’, ‘घे’, ‘आत’, ‘वर’, ‘संपले’ हे शब्द तिच्यात आपोआप येतात. ती मोजून ठेवण्यापेक्षा एका डब्यात एकत्र ठेवणे पुरेसे असते. तोंडात जाऊ शकतील अशा वस्तू मात्र प्रत्येक वापरानंतर धुवाव्या लागतात.

फिरते काम

विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ यांना एकाहून अधिक शाळा सांभाळाव्या लागणे राज्यात सर्रास आढळते. या पट्ट्यात कारभारही विभागलेला आहे. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथला आणि कुळगाव-बदलापूरला स्वतंत्र नगरपरिषदा, तर अंबरनाथ तालुक्यातील ग्रामीण शाळांसाठी ठाणे जिल्हा परिषद आहे. शाळांमधील अंतर मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गाने विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवरून आणि पुढे रिक्षाने कापले जाते. गर्दीच्या लोकलमध्ये दोन हात मोकळे ठेवणारी पाठपिशवी हीच खरी मर्यादा ठरते.

म्हणून साहित्याचे तीन भाग पडतात. संपूर्ण संग्रह एका ठिकाणी, बहुधा साधन केंद्रात किंवा घरी असतो. प्रत्येक शाळेत भातुकली, आरसा, कोरे कागद यांचा कायमचा छोटा डबा राहतो. पिशवीत फक्त त्या दिवसाच्या मुलांची पाकिटे जातात. मुलागणिक एक पाकीट, आत चालू पायरीची दहा-बारा कार्डे आणि नोंदीचा कागद, ही पद्धत संपूर्ण पेटी वाहण्यापेक्षा हलकी असते. पाकिटे आदल्या संध्याकाळी भरली नाहीत, तर हा सगळा डोलारा कोसळतो. श्रवणयंत्र वापरणारी मुले असल्यास पिशवीत ६७५ आणि १३ क्रमांकाचे जादा सेल ठेवावे लागतात. सत्रापूर्वी आ, ई, ऊ, म, स, श हे सहा ध्वनी ऐकवून यंत्र चालू असल्याची खात्री केली जाते. डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीला कोणतेही साहित्य लागत नाही, परंतु संपलेला सेल बदलता आला नाही, तर बाकीचे सर्व साहित्य व्यर्थ जाते.

पावसाळा आणि साठवण

शैक्षणिक वर्ष जूनमध्ये, म्हणजे पावसाबरोबरच सुरू होते. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठचा हा प्रदेश पुराला परिचित आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूर परिसर पाण्याखाली गेला होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. तळमजल्यावरील खोलीत जमिनीवर ठेवलेले खोके अशा प्रदेशात सुरक्षित नसतात. साहित्य कंबरेच्या वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवणे हा साधा उपाय होय.

पूर नसतानाही दमट हवा कार्डांना बुरशी आणते. लॅमिनेशन करताना कागदाच्या कडेपलीकडे थोडी मोकळी पट्टी सोडली नाही, तर पाणी कडेतून शिरते आणि दोन पावसाळ्यांत थर सुटतात. लाकडी कपाटाला वाळवीचा धोका असतो. मूळ चित्रे स्कॅन करून ठेवल्यास नष्ट झालेला संच पुन्हा छापता येतो.

संवादफलकाचे वेगळे स्थान

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा अन्य कारणाने बोलू न शकणारी काही मुले चित्रांकडे बोट दाखवून किंवा चित्र हातात देऊन संवाद साधतात. अमेरिकेत १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केलेल्या चित्रविनिमय पद्धतीत वेल्क्रोने चित्रे चिकटवलेली वही वापरली जाते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही उपलब्ध आहे.

या साहित्याला वरील कोणताही नियम लागू होत नाही. संवादफलक हा तज्ज्ञाच्या संग्रहाचा भाग नसून त्या मुलाचा आवाज असतो. तो सत्र संपल्यावर कपाटात ठेवून कुलूप लावले, तर मुलाला पुढील सत्रापर्यंत पाणी मागता येत नाही, दुखते आहे हे सांगता येत नाही. तो हरवेल किंवा फाटेल ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून एक प्रत मुलाच्या गळ्यात किंवा दप्तरात, एक वर्गात आणि एक घरी ठेवली जाते. चित्रांच्या जागाही वारंवार बदलू नयेत, कारण सवयीने हात त्याच जागी जातो. नव्या शब्दांसाठी सुरुवातीपासून रिकाम्या चौकटी सोडल्यास जुन्या चित्रांना हलवावे लागत नाही.

नोंदी

प्रत्येक सत्राची नोंद तारीख, ध्वनी किंवा उद्दिष्ट, पायरी आणि किती प्रयत्नांत किती अचूक, एवढी असली तरी पुरते. ‘प्रगती चांगली’ अशी नोंद पुढच्या तज्ज्ञाला काहीच सांगत नाही. ‘ळ, अंत्य, शब्द, २० पैकी १२’ ही नोंद सर्व काही सांगते. प्रमाणपत्र असलेल्या मुलांची कागदपत्रे शासकीय कामासाठी वेळोवेळी मागितली जातात, म्हणून ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे सोयीचे असते. प्रमाणपत्र नसलेल्या मुलांच्या नोंदी कोणी मागत नाही आणि त्याच प्रथम गहाळ होतात.

पाकिटावर मुलाचे पूर्ण नाव आणि निदान लिहिणे टाळले जाते, कारण पिशवी लोकलमध्ये, रिक्षात आणि शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर उघडते. नावाऐवजी क्रमांक किंवा मुलाने स्वतः निवडलेले चित्र चालते. ध्वनिमुद्रणे मोबाइलमध्ये साठवताना पालकांची संमती आवश्यक असते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

मर्यादा आणि मतभेद

साहित्याच्या नीटनेटकेपणाला अवाजवी महत्त्व देण्याविषयी व्यवसायात मतभेद आहेत. कार्डांवर अचूक उच्चार करणारे मूल मधल्या सुट्टीत पूर्वीसारखेच बोलते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. चित्र पाहून उच्चारलेला शब्द आणि भांडताना उच्चारलेला शब्द यांत मोठे अंतर असते. ते ओलांडण्यासाठी शिक्षक आणि पालक यांचा सहभाग लागतो. घरी पाठवलेली कार्डे परत येत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. त्यावर घरच्यांना कार्डे देण्याऐवजी आठवड्याचे तीन शब्द सांगणे अधिक परिणामकारक असते, कारण केळे, पोळी आणि नळ प्रत्येक घरात असतातच.

फुगे, शिट्ट्या, भिरभिरे, साबणाचे बुडबुडे हे साहित्य उपचारपेट्यांत अजूनही मोठी जागा अडवते. फुंकण्याच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. लहान मुलाला खुलवण्यासाठी बुडबुड्यांची एक बाटली उपयोगी असते. बाकीच्यांची जागा कार्डांना देता येते.

हस्तांतरण

समग्र शिक्षेतील अनेक पदे करार तत्त्वावर असल्याने जूनमध्ये शाळेत नवी व्यक्ती येण्याची शक्यता नेहमीच असते. साहित्य स्वतःच्या पैशांनी घेतलेले असल्यास जुनी व्यक्ती ते बरोबर नेते आणि मुलांची पाकिटे रिकामी होतात. कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत कोणते साहित्य शासकीय आणि कोणते वैयक्तिक, हे आधीच लिहिलेले असेल, तर वाद टळतो. डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवलेली एक पानाची सूची, म्हणजे रंगांचा अर्थ, खणांचा क्रम, विभागलेले च, ज, झ आणि प्रत्येक मुलाची चालू पायरी, एवढी मागे ठेवल्यास नव्या तज्ज्ञाला पहिल्याच आठवड्यात सत्रे सुरू करता येतात.